मार्थाबाईंचा हात

चिंचवाकडी ग्रामपंचायतीची मासिक सभा किती वेळ चालते असं कुणी विचारलं, तर गावातली माणसं सांगायची, चहा निवेपर्यंत. आणि त्यात जराही अतिशयोक्ती नव्हती. शिपाई कपबशा घेऊन आत जायचा, भाऊसाहेब विषय वाचायचे, पाच हात वर जायचे, चार खाली राहायचे, सह्या व्हायच्या आणि मंडळी कोमट चहा संपवून पांगायची. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. सरकारनं त्यांना दुसरं काहीही नाव दिलं तरी गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं.

सभा एवढ्यात उरकायची, कारण खरी सभा आदल्या दिवशीच होऊन गेलेली असायची. नेवासे रस्त्याला कल्याणरावांची वस्ती आहे. तिथे गायींच्या गोठ्यासमोर पत्र्याची शेड, शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि दुपारी चार वाजता पॅनलची बैठक. कल्याणराव स्वतः ग्रामपंचायतीत नव्हते. ते पक्षाचे तालुक्यातले पदाधिकारी आणि गावातले पॅनलप्रमुख. माणसं निवडून आणायची त्यांनी आणि निवडून आलेल्यांनी ऐकायचं त्यांचं, अशी सरळ वाटणी होती. कोणता ठराव मंजूर, कोणता नामंजूर, सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं त्या शेडमध्ये ठरायचं. भाऊसाहेब तर इतके सरावले होते की सभेच्या आधीच प्रोसिडिंगच्या वहीत ठराव लिहून मोकळे व्हायचे. खाली फक्त सह्यांपुरती जागा सोडायचे.

वर जाणाऱ्या त्या पाच हातांतला एक हात मार्थाबाई दुशिंग यांचा होता.

मार्थाबाईंनी सव्वीस वर्षं गावची अंगणवाडी चालवली. त्यामुळे आज मिशा पिळत फिरणाऱ्या कितीतरी बाप्यांचं दोन वर्षांचे असतानाचं वजन त्यांना तोंडपाठ आहे, आणि वेळ आली तर त्या चारचौघांत सांगतातही. यजमान दानीएल साखर कारखान्यात बॉयलरवर होते. ते २०१७ साली गेले. मुलगी एंजल लग्न होऊन कोपरगावला. चर्चच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, आणि भिंतीला भिंत लावून धाकटे दीर नोहा यांचं बिऱ्हाड. बाईंचं आयुष्य असं चारचौघींसारखं चाललं होतं. राजकारणाचं वारंही त्यांच्या उंबऱ्याला शिवलेलं नव्हतं.

२०२१च्या जानेवारीत निवडणूक लागली आणि त्यांच्या वॉर्डातली जागा महिलेसाठी राखीव निघाली. कल्याणरावांनी मार्थाबाईंना उभं केलं. चर्चच्या गल्लीची मतं एकगठ्ठा येतील, आणि बाई कमी बोलतात, एवढाच विचार त्यामागे होता. पहिली गोष्ट खरी ठरली. दुसरीत मात्र गफलत झाली. कमी बोलणारं माणूस कमी विचार करतं, असं राजकारणात चाळीस वर्षं काढलेल्या माणसालाही वाटतं, याची मला अजून गंमत वाटते.

निकाल लागला तेव्हा नवातले पाच कल्याणरावांचे आणि चार भीमाचे होते. भीमा हा विरोधी पॅनलचा पुढारी, त्या चारांतलाच एक. ट्रॅक्टरचं गॅरेज चालवणारा, तिशीतला गडी, भांडायला कायम बाह्या सरसावलेला. सरपंच सदस्यांतूनच निवडायचा होता. म्हणजे इकडचा एक जण तिकडे गेला की खुर्ची गेली. म्हणून कल्याणरावांनी आपल्या पाचही जणांना शेडमध्ये बसवलं आणि बेलभंडारा उचलायला लावला. बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा तळहातावर घेऊन माणूस एकदा बोलला की तो फुटत नाही, अशी आमच्या भागातली समजूत आहे. पुढाऱ्यांची भिस्त पक्षाच्या शिस्तीपेक्षा या हळदीवर जास्त असते.

चौघांनी भंडारा उचलला. मार्थाबाईंची पाळी आली आणि सगळे अडले. ख्रिस्ती बाईच्या हातावर भंडारा कसा ठेवायचा? तेव्हा कारभारी, म्हणजे कल्याणरावांचे उजवे हात आणि होऊ घातलेले सरपंच, मोटारसायकलवर टांग टाकून निघाले. चर्चचं दार उघडंच होतं. त्यांनी बाकावरचं काळ्या पुठ्ठ्याचं जाड पुस्तक उचललं आणि दहा मिनिटांत शेडमध्ये हजर केलं.

"ठेवा हात, बाई. तुमचं बायबल."

मार्थाबाईंनी हात ठेवला आणि ठेवताक्षणी ओळखलं. ते बायबल नव्हतं. रविवारच्या उपासनेला सगळे गातात, ते गीतांचं पुस्तक होतं. कारभाऱ्यांना सगळी काळी पुस्तकं सारखीच. बाईंना हसू आलं, पण त्या माणसाची चारचौघांत शोभा करायला त्यांचं मन धजेना. त्यांनी पुस्तक बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, "पुस्तक कशाला? मी तोंडानं सांगते. पॅनल सोडायची न्हाई."

त्या शब्दाला त्या सव्वादोन वर्षं जागल्या. जागल्या म्हणजे काय, तर सांगितलं तेव्हा हात वर केला. कल्याणरावांच्या वस्तीपुढे पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले, हात वर. अंगणवाडीचं छप्पर गळत होतं, त्याच्या दुरुस्तीचा विषय भीमाच्या माणसानं आणला म्हणून पाडायचा ठरला, तेव्हा हात खाली. ज्या छपराखाली सव्वीस पावसाळे बादल्या मांडल्या, त्या छपराच्या वेळी! त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. पुढच्या वेळी मात्र गेलं. सवय झाली की हाताला डोक्याची गरज लागत नाही, असं त्या स्वतःच सांगतात.

मग २०२३चा मे महिना आला.

गावाच्या खालच्या अंगाला, ख्रिस्ती कब्रस्तानाच्या पलीकडे, कॅनॉलच्या कडेनं भिल्लांची चौतीस घरं आहेत. गावात घरोघरी नळ आले तेव्हा ही घरं कॅनॉलच्या जागेत म्हणून यादीतून वगळली गेली. कॅनॉलला आवर्तन असलं की त्यांना पाणी, नसलं की नाही. भीमानं ठराव दिला की गावच्या टाकीपासून वस्तीच्या अलीकडच्या लिंबापर्यंत लाईन टाकावी आणि तिथे, पंचायतीच्या जागेत, चार तोट्या बसवाव्यात. लिंबापर्यंतची जमीन पंचायतीचीच, त्यामुळे नाही म्हणायला कागदोपत्री काही कारण नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी चार वाजता शेडमध्ये पॅनल जमलं. कल्याणरावांनी भीमाचा कागद सावकाश वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ठराव चांगला हाय. पन भीमाचा हाय."

सगळे हसले. मार्थाबाईसुद्धा हसल्या. त्या हसण्याची त्यांना अजून लाज वाटते.

"वस्तीनं आपल्याला एक मत दिलं न्हाई," कारभारी म्हणाले. "पानी पाजायचं आपन, अन् पेढे वाटायचे भीमानं?"

"पुढच्या साली आपनच आणू, आपल्या नावानं," कल्याणराव म्हणाले. "तोवर थांबत्यात ते. त्यांला सवय हाय." मग ते मार्थाबाईंकडे वळले. "निधी एकाच कामापुरता हाय. त्यो ह्या टायमाला तुमच्या कब्रस्तानाला. भिंत बांधून टाकू चारी बाजूनं. काय बाई?"

त्या भिंतीसाठी चर्चची गल्ली अकरा वर्षं अर्ज करत होती. पहिला अर्ज तर दानीएलनीच लिहिला होता. कब्रस्तान उघडं, त्यात गुरं शिरायची, कबरींवर बसायची. अर्ज लिहिणारा माणूसच तिथे जाऊन निजला, तरी भिंत झाली नव्हती. बाईंचे डोळे भरून आले. शेडमधल्या सगळ्यांनी ते पाहिलं आणि विषय संपला असं धरून माणसं उठली.

बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. पाळकसाहेबांनी येऊन आभाराची प्रार्थना केली. नोहा एरवी वहिनींपुढे फार बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, "वहिनी, दादाचं राहिलेलं काम तुमी केलं." बाईंनी सगळ्यांना चहा केला. सुखानं छाती भरून यावी असा तो दिवस होता, आणि भरूनही आली होती. फक्त ते एक वाक्य मधेच वर यायचं. त्यांला सवय हाय.

दुसऱ्या दिवशी अकराला सभा होती. सकाळी सातला बाई वस्तीकडे निघाल्या. कशाला, ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

वस्तीत त्यांचं पहिलं ओळखीचं माणूस म्हणजे साळूबाई. त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या, आणि दोघींनी एकोणीस वर्षं एकत्र काढली. साळूबाईंचं वय आता सत्तरीच्या पुढे. त्या घरात नव्हत्या. कॅनॉलच्या कोरड्या पडलेल्या चारीच्या तळाशी बायकांनी गुडघाभर खड्डा खणला होता, आणि साळूबाई त्याच्या काठाला वाटी घेऊन बसल्या होत्या. खड्ड्यात पाणी पाझरायचं, वाटीभर झालं की त्या ते अलगद उचलून हंड्यात ओतायच्या आणि पुन्हा थांबायच्या. मागे सहा हंडे रांगेत होते.

"या बाई, बसा," त्या म्हणाल्या. "तुमची भिंत हुतीय म्हनं."

"कुणी सांगितलं गं?"

"गाव बोलतंय की. लई बरं झालं. दानीएलदादाच्या तिथं ढोरं बसत्यात. म्या जाता येता हाकलते, पन म्या तरी कुठवर बघू?"

दानीएलच्या कबरीवरची गुरं साळूबाई हाकलतात, हे मार्थाबाईंना माहीतच नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. पाण्याच्या ठरावाबद्दल साळूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी टोमणा मारला असता, निदान तोंड फिरवलं असतं, तरी बाईंना सोपं गेलं असतं. त्यांनी मनापासून बरं झालं म्हटलं, आणि तिथे मार्थाबाईंचा निभाव लागला नाही. त्यांनी साळूबाईंच्या हातातली वाटी घेतली आणि स्वतः भरायला बसल्या. एक हंडा भरायला पाऊण तास लागला. मग त्यांनी हात पुसले आणि तशाच पंचायतीत गेल्या.

आत चहा आला होता. भाऊसाहेबांनी भीमाचा ठराव वाचला आणि वाचता वाचताच वही सह्यांसाठी पुढे सरकवली. मार्थाबाईंनी वही ओढून घेतली. सव्वादोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी वर काय लिहिलंय ते पाहिलं. सुंदर अक्षरात लिहिलं होतं, सदर ठरावावर सविस्तर चर्चा होऊन तो बहुमताने नामंजूर करण्यात आला.

"भाऊसाहेब, चर्चा कवा झाली?"

"मॅडम, आधी लिहिलं की वेळ वाचतो," भाऊसाहेब अगदी खरं बोलले.

"वाचलेला वेळ हाय तर मग दोन मिन्टं मी बोलते." मार्थाबाई उभ्या राहिल्या. सभेत उभं राहून बोलायची पद्धत नव्हती, पण अंगणवाडीतली सवय. "ठराव चांगला हाय, असं काल कल्याणराव सोता म्हनले. मला बी तसंच वाटतं." आणि त्यांनी हात वर केला.

कारभाऱ्यांना आधी वाटलं, बाई चुकल्या. "बाई, ह्यो भीमाचा ठराव हाय," त्यांनी हळूच सांगितलं. अजाण पोराला सांगावं तसं.

"ठाव हाय मला."

हात खाली आला नाही. चारात एक मिळवून पाच झाले. भाऊसाहेबांना वहीतलं सुंदर अक्षर खोडावं लागलं आणि खाडाखोडीपुढे सगळ्यांच्या सह्या घ्याव्या लागल्या. त्या दिवशी चहा पार गार झाला.

आता धाडस म्हणजे काय, याचा विचार करताना माणसं मोठमोठ्या सभागृहांकडे बघतात. तिथे पक्षाविरुद्ध बोललेल्याचं नाव पेपरात येतं, दुसरा पक्ष त्याला उचलून धरतो. मार्थाबाईंना उद्या त्याच गिरणीत दळण घेऊन जायचं होतं, त्याच दुकानातून रेशन आणायचं होतं, आणि त्यांनी जे घालवलं ते आपल्याच माणसांचं होतं. मला तर त्यांचा तो वर गेलेला हात फार मोठा वाटतो.

दुपारपर्यंत गावभर झालं की मार्थाबाईनं बायबलवर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली. चर्चच्या गल्लीला भिंत गेल्याचं दुःख होतंच, त्यावर हा डाग आला. नोहा तणतणत आले. पण ते रागावले होते तसे हुशारही होते. उपासनेला हार्मोनियम तेच वाजवायचे, आणि शपथेच्या दिवशी बाकावरून कोणतं पुस्तक गायब झालं होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"वहिनी, ते गीतांचं पुस्तक हुतं. बायबल नव्हतंच. म्हंजी शपथ झालीच न्हाई. मी आत्ता पारावर जाऊन सांगतो, निदान तुमचं नाव तरी ऱ्हाईल."

"नका सांगू, भावजी," मार्थाबाई म्हणाल्या. "शब्द पुस्तकानं न्हाई दिला. म्या दिला."

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला त्या शेडमध्ये गेल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या नेहमीच्याच खुर्चीवर बसल्या.

"कल्याणराव, मी पॅनलला शब्द दिला हुता, त्यो मोडला. त्याची माफी मागायला आले."

"अन् ठरावाचं काय?"

"ठरावाची माफी मागत न्हाई."

"बायबलवर हात ठिवला हुता बाई तुमी," कारभारी म्हणाले.

"कारभारी, तुमी आनलेलं ते गान्याचं पुस्तक हुतं. पन त्यानं काय बदलत न्हाई. बोलले मीच." मग त्या पुन्हा कल्याणरावांकडे वळल्या. "न वाचता सही करावी तसा शब्द दिला, ही चूक माझी. त्यो कुनाचं पानी अडवाया वापरतील असं मनात बी आलं नव्हतं. आता असा शब्द परत कुनाला देनार न्हाई. भीमाला बी न्हाई."

कल्याणरावांनी नजर गायींकडे वळवली. माणूस वाईट नव्हता. पण इतक्या वर्षांत माफी मागायला कुणी आलं की काहीतरी मागायलाच आलेलं असायचं, आणि ही बाई काही मागत नव्हती. शेवटी ते म्हणाले, "मग भिंत इसरा."

"इसरले," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

विसरल्या काय, कपाळ! त्या पावसाळ्यात कुणाची तरी म्हैस दानीएलच्या कबरीवर अंग घासायला गेली आणि सिमेंटचा क्रूस मधोमध मोडला. नोहांनी दोन्ही तुकडे आणून वहिनींच्या दारात ठेवले आणि काही न बोलता गेले. पुढे वर्षभर ते वहिनींशी बोलले नाहीत. बाई त्या तुकड्यांपाशी बसून खूप रडल्या. आपण केलं ते बरोबर केलं का, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला, आणि त्या हे लपवत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंडी आणून क्रूस सांधून घेतला. सांधा अजून दिसतो.

इकडे भीमाला वाटलं, पाखरू आपल्या फांदीवर येऊन बसलं. लिंबाखाली तोट्या बसल्या त्या दिवशी त्यानं हलगी लावली, स्वतःच्या नावाची पाटी लावली, आणि शाल-नारळ घेऊन मार्थाबाईंच्या दारात आला. बाईंनी नारळ ठेवून घेतला, शाल परत केली. "थंडीला माझ्याकडं हाय शाल," म्हणाल्या. भीमाला त्याचा अर्थ लागला नाही. महिन्याभरात लागला.

कल्याणरावांच्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची मोरी फुटली होती आणि दुरुस्तीचा विषय सभेपुढे आला. भीमानं आपल्या तिघांना सांगून ठेवलं होतं की हा पाडायचा, पाचवा हात आता आपलाच आहे. त्याच्याही गॅरेजमध्ये आता आदल्या दिवशी बैठक व्हायला लागली होती, फक्त खुर्च्यांऐवजी टायर. मार्थाबाई त्या बैठकीला गेल्या नाहीत. त्या मोरी बघायला गेल्या. शाळेची गाडी तिथे अर्धी खड्ड्यात कलली होती आणि ड्रायव्हर पोरांना एकेक करून उतरवत होता. सभेत त्यांनी मोरीच्या बाजूनं हात वर केला.

"बाई, तुमी नक्की कुनाच्या?" भीमा कळवळून म्हणाला.

"मोरी फुटलीय भीमा. म्या बघून आले. तू गेल्तास का बघाया?"

भीमा गेला नव्हता. खरं तर बाई सोडल्या तर नवातलं कुणीच गेलं नव्हतं.

त्यानंतर चिंचवाकडीत एक अडचण उभी राहिली. ठराव होणार की पडणार, हे आदल्या दिवशी कुणालाच सांगता येईना. शेडमधली बैठक चालू राहिली, टायरवरचीही चालू राहिली, पण दोन्हीकडे शेवटी एकच वाक्य यायचं, बाईंचं काय? मग सभेत खरोखर बोलावं लागायला लागलं. बोलायचं म्हणजे आधी विषय समजून घेणं आलं. सभा दोन-दोन तास चालायला लागली, चहा दोनदा सांगावा लागला. रिकामी माणसं ऐकायला ओट्यावर येऊन बसू लागली. भाऊसाहेबांनी आधी लिहून ठेवणं सोडलं आणि आपल्या कामाचा बोजा वाढल्याची तक्रार ते भेटेल त्याला करायचे. गळक्या अंगणवाडीला पत्रे बसले ते याच काळात. तो ठराव कारभाऱ्यांनी मांडला होता आणि भीमानं अनुमोदन दिलं होतं.

बाईंना मात्र दोन्हीकडून कुणी आपलं म्हणेना. लग्नाच्या पत्रिकेत प्रेषक म्हणून सदस्यांची नावं छापतात, त्यातून त्यांचं नाव गळू लागलं. नोहांचा अबोला सुटला, पण गल्लीतल्या काही घरांनी राग मनात धरून ठेवला. हे सगळं बाईंना लागायचं. त्या काही दगडाच्या नव्हत्या.

२०२५च्या डिसेंबरात, मुदत संपायला दीड महिना उरला असताना, सकाळी दहाच्या सुमाराला कल्याणरावांची गाडी चर्चच्या गल्लीत येऊन थांबली. कल्याणराव एकटेच होते. त्यांनी चप्पल काढली, बाईंनी दिलेलं पाणी प्यायले, आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून पुढे केला. उद्याच्या सभेतला ठराव होता. कब्रस्तानाला चारी बाजूंनी भिंत.

"तुमची चौदा वर्षांची मागनी," ते म्हणाले. "उद्या करून टाकू. भीमाला बी इच्यारलंय. त्याची ना न्हाई."

नोहा दारात येऊन उभे राहिले. निवडणूक तोंडावर आहे आणि गल्लीची मतं हवीत, हे तिथे असलेल्या तिघांनाही कळत होतं. पण भिंत ती भिंतच. बाईंनी कागद उलगडला. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. कल्याणराव थोडे चुळबुळले. चाळीस वर्षांत त्यांनी ठराव सांगितले होते. कुणाच्या घरी जाऊन, समोरचा वाचून संपवेपर्यंत ते कधी थांबले नव्हते.

बाईंनी नकाशावर बोट ठेवलं.

"उगवतीकडची बाजू पार हद्दीपर्यंत घेतलीय. वस्तीतली पोरं शाळंत येत्यात ती पायवाट ह्याच अंगानं हाय. भिंत झाली की त्यांला सडकंनं वळसा, अन् सडकंला उसाचे ट्रॅक्टर. वाट सोडून भिंत आत घ्या. तशी असंल तर माझा हात वर. अशी असंल तर विरोधात."

"वहिनी," नोहा कळवळून म्हणाले. "आता तरी..."

कल्याणरावांनी कपाळाला हात लावला. "अवो बाई, ही तुमची भिंत हाय."

"व्हय. म्हनूनच तर नीट वाचली."

कल्याणरावांनी कागद परत घेतला, गुडघ्यावर पसरला आणि त्या उगवतीकडच्या रेघेकडे बघत राहिले. मग खिशाला लावलेला पेन काढून त्यांनी टोपण उघडलं.

"किती फूट सोडू?" त्यांनी विचारलं.